सांगितलंत की दाखवलंत?

गिरणीत गव्हाचं दळण चालू होतं. मशीनच्या घरघरीत दारात कोण आलंय हे मला कळणं शक्यच नव्हतं. डबे घेऊन उभ्या असलेल्या बायका एकदम बाजूला सरकल्या म्हणून मी मान वर केली, तर समोर विहीणबाई!

"बंद करा ते," त्या म्हणाल्या.

"अर्धं दळण व्हायचंय, विहीणबाई."

"मग पुरं करा. मी उभी आहे."

आता तुम्हीच सांगा, लेकीची सासू पिठात उभी आणि मी दळण पुरं करायचं? मालक मागं मोटरला तेल देत होते, म्हणजे माझे यजमान. त्यांनी एकदा विहीणबाईंकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि हळूच म्हणाले, "मी बघतो इथलं. तू घरात जा." मला वाऱ्यावर सोडून स्वतः मशीनमागं लपले असं तेव्हा वाटलं खरं.

ह्या इंदुमतीबाई जगदाळे, कऱ्हाडच्या. मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. नोकरीतून निवृत्त झाल्या, पण आवाज काही निवृत्त झाला नाही. त्यांचा धैर्यशील म्हणजे माझा जावई, आणि माझी एकुलती एक तेजू त्यांची सून. लग्नात ह्या बाईंनी एक शब्द वाकडा काढला नव्हता, तरी मला त्यांची धास्तीच वाटायची. त्यांच्यासमोर पदर सरळ करायला हात आपोआप जायचा.

त्या का आल्यात ते मला पक्कं ठाऊक होतं. तेजूला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरचं, ही जगाची रीत. आणि मी फोन करून कळवलं होतं की आम्हाला जमणार नाही, कऱ्हाडलाच करा.

घरात आल्यावर मी खुर्ची पुढं केली, पाणी दिलं. त्या खुर्चीच्या कडेवर टेकल्या, तांब्याला हात लावला नाही.

"पाणी नंतर. तासगावात बाळंतपण सासरी करायची पद्धत कधीपासून निघाली?"

"तसं नाही हो. जरा अडचण आहे."

"कुठली? मला फोनवर म्हणालात, पाण्याची टंचाई आहे. तेजूला म्हणालात, न्हाणीघराचं काम काढलंय. आणि धैर्यशीलला सांगितलंत की तुमच्या यजमानांची तब्येत बरी नसते. मी आत्ता बघितलं, चांगले ठणठणीत आहेत. शाळेत मुलींना मी एकच सांगायचे. खोटं बोलू नका, आणि बोलायचंच झालं तर सगळीकडं एकच बोला."

मी भिंतीला टेकून उभी राहिले.

"पोर रडते," त्यांचा आवाज जरा खाली आला. "आईला मी नकोशी झाले का म्हणून मला विचारते. मी तिला काय सांगू? आणि तुम्ही उभ्या का? बसा की."

"नको. गिरणीत उभं राहून सवय झालीय."

त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. मग म्हणाल्या, "पाय धुऊन येते," आणि न्हाणीघराकडं गेल्या.

खरं कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी कसं? माझी पाळी जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती, आणि त्यानंतर हे सुरू झालं. खाली, नको त्या जागी खाज. खाज म्हणजे साधी नव्हे हो. गादीवर पडलं की अंगात कुणीतरी मुंग्या सोडल्यासारखं व्हायचं, आणि खाजवलं की कातडी चिरायची. मग लघवीला बसलं की डोळ्यांत पाणी. मांडी घालून बसणं विसरूनच गेले होते. गिरणीतलं काम उभ्यानं, म्हणून निभावून नेत होते. सहनही होत नाही आणि सांगताही येत नाही म्हणतात, ते हेच.

आमच्या गावातल्या लेडी डॉक्टरांकडं गेले होते. दवाखान्यात ही गर्दी. बाईंनी विचारलं, "काय होतंय?" मी खाली मान घालून सांगितलं. "आत जाऊन झोपा, बघू," म्हणाल्या. तर माझ्या तोंडातून काय निघावं? "आज नको बाई, माझा गुरुवार आहे."

हसू नका. बाहेर एवढ्या बाया ताटकळलेल्या, डॉक्टरबाईंनाही घाईच होती. त्यांनी इन्फेक्शन म्हणून ट्यूब लिहून दिली. ती संपली, दुसरी दिली. साखर तपासली, ती नव्हती. पुढच्या वेळी गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, "नवऱ्यालाही द्या, एकमेकांचं एकमेकांना लागतं." मी जीव मुठीत धरून ती गोळी ह्यांच्यापुढं ठेवली. ह्यांनी चहाच्या घोटाबरोबर गिळली आणि एक शब्द विचारला नाही. त्या एका गोळीसाठी मी त्या माणसाला जन्मभर हात जोडीन. पण माझ्या डोक्यात तेव्हापासून एकच बसलं, हा लागणारा रोग आहे.

आता बाळाला न्हाऊ घालायचं म्हणजे काय असतं? पाटावर बसायचं, दोन्ही पाय लांब करायचे, तान्ह्याला पायांवर पालथं घालायचं, आणि कढत पाणी ओतत राहायचं. ते सगळं पाणी माझ्या अंगाखालून जाणार. दुखणं मी दात आवळून सोसलंही असतं. पण माझ्यापासून त्या कोवळ्या जिवाला काही लागलं तर? कशी हात लावू? म्हणून मी खोट्यावर खोटं रचत गेले, आणि लेक तिकडं रडत राहिली.

विहीणबाई न्हाणीघरातून परत आल्या त्या पाय न धुताच. त्यांच्या हातात माझ्या ट्यूबा होत्या. दोन पिळून चपट्या झालेल्या आणि एक नवी.

"ह्या कुणाच्या?"

कोनाड्यात होत्या त्या, उचलून ठेवायचं सुचलंच नव्हतं. शिवाय तिथं तुरटीचा खडा होता, आणि पातेल्यात कडुनिंबाचा काढा निवत ठेवलेला.

"ते... ह्यांच्या पायाला चिखल्या होतात."

"यजमानांच्या पायावर किती ढकलाल? काढा कमरेखालचं अंग शेकायचा आहे, मला कळतं." त्या जवळ आल्या. मला वाटलं आता कडाडणार. पण अगदी हळू आवाजात विचारलं, "खाज आहे? आणि चिरा पडतात?"

अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर अशी म्हण आहे ना आपल्यात? माझ्या नशिबी जावई नव्हता, जावयाची आई होती. मी नुसती मान हलवली.

"डॉक्टरांना?"

"सांगितलं की. तीनदा गेले."

"सांगितलंत की दाखवलंत?"

मी बोटांवरचं पीठ चोळत राहिले.

"शालनताई, मी काय विचारतेय?"

"गुरुवार होता माझा," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. उभ्या उभ्या, पिठानं माखलेल्या हातांनी तोंड झाकून मी रडले. लेकीच्या सासूसमोर! रोग लागेल म्हणून बाळाला घेणार नाही, तेही सांगून टाकलं. वाटलं, संपलं आता. तेजूला हे आयुष्यभर ऐकवतील.

विहीणबाईंनी पदरानं माझ्या तोंडाचं पीठ पुसलं. म्हणाल्या, "साडी बदला. सांगलीला जायचं."

"आत्ता?"

"मग कधी? पुढच्या गुरुवारी?"

सांगलीची एसटी निम्मी रिकामी होती. मी सवयीनं दांडीला धरून उभी राहिले. विहीणबाईंनाही जागा होती, पण त्याही माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. एवढी वयस्क बाई माझ्यासाठी उभी राहते म्हणून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तुम्ही तरी बसा हो," मी म्हणाले. "बाहेर बघा," त्या म्हणाल्या, "द्राक्षबागा छान दिसतायत."

दवाखाना त्वचेच्या डॉक्टरांचा होता. डॉ. नाझनीन मुजावर अशी पाटी. मी म्हटलं, "अहो, हे तर कातडीचे डॉक्टर. आपलं दुखणं बायकांचं आहे."

"तिथं काय कातडी नसते?" त्या म्हणाल्या. पत्ता त्यांनी कुणालाच विचारला नव्हता, थेट आणून उभं केलं होतं. जिन्यापाशी मात्र क्षणभर थांबल्या, कठडा धरला. मला वाटलं दम लागला असेल.

डॉक्टरीण माझ्या तेजूपेक्षा थोडी मोठी. तिनं आधी मला बोलू दिलं. घड्याळाकडं बघितलं नाही. मग म्हणाली, "मावशी, आता मी बघणार. पडद्याआड चला. दुखलं तर सांगा, मी लगेच थांबेन."

माझं तोंड उघडतंय तोवर विहीणबाई म्हणाल्या, "आज मंगळवार आहे, डॉक्टर. ह्यांचा कसलाही उपास नाही."

ते बघणं म्हणजे काही नव्हतं हो! दिवा लावला, हलक्या हातानं बघितलं. इतक्या वर्षांची माझी भीती, आणि भाकरी उलटायला लागतो तेवढाच काय तो वेळ. मग तिनं माझ्या हातात आरसा दिला आणि मलाच दाखवलं. ती जागा पांढरी पडली होती, सिगारेटच्या कागदासारखी पातळ, आणि मध्ये चिरा. स्वतःचं अंग मी जन्मात पहिल्यांदा बघत होते.

"ह्याला लायकेन स्क्लेरोसस म्हणतात," ती म्हणाली. "हे इन्फेक्शन नाही. तुमच्याच शरीराची राखण करणारी शक्ती चुकून तुमच्याच कातडीवर उठते. पाळी गेल्यावर पुष्कळ बायकांना होतं. बघितल्याशिवाय ओळखता येत नाही, म्हणून वर्षानुवर्षं चुकीच्या ट्यूबा लावत बसतात."

"माझ्या अस्वच्छपणामुळं?"

"अजिबात नाही. उलट तुम्ही जास्तच स्वच्छता केलीत. साबण, तुरटी, काढा सगळं बंद. साधं पाणी फक्त. एक मलम देते, थोडंसंच लावायचं, पण रोज, न चुकता. त्यात स्टेरॉईड आहे. दुकानदार म्हणेल हे त्या जागी लावायचं नाही. त्याला माझं नाव सांगा. खाज थोड्याच दिवसांत कमी होईल. आजार मुळासकट जात नाही, पण ताब्यात राहतो. तपासणीला मात्र येत राहायचं."

मी जीव गोळा करून विचारलं, "तान्ह्या बाळाला लागेल?"

"नाही. बाळाला नाही, नवऱ्याला नाही, कुणालाच नाही. नातवंड येतंय का? खुशाल मांडीवर घ्या."

मी तिचे पाय धरायला वाकले. वयानं लहान, म्हणून तिनं मला मध्येच धरलं. काय सांगू तुम्हाला, त्या वेळी मला मलमाचीसुद्धा गरज नव्हती. मी घाणेरडी नव्हते आणि माझ्यापासून कुणाला काही होणार नव्हतं. अर्धं दुखणं तिथंच उतरलं.

साडी सारखी करून बाहेर आले. आता उठायचं, तर विहीणबाई जागच्या हलेनात. हातातली पर्स घट्ट धरून बसल्या होत्या.

"डॉक्टर, मी विचारते, हे असंच अंगावर काढलं तर काय होतं?"

"कातडी आकसत जाते. आणि काही थोड्या जणींमध्ये, फार नाही, पण पुढं कॅन्सरची भीती असते. म्हणून लक्ष ठेवायचं."

"समजा, दहा-अकरा वर्षं काढलं तर?"

"दहा-अकरा? कुणी?"

"असंच. एक ओळखीच्या आहेत."

"त्यांना काही गाठ लागते का हाताला? न भरणारा फोड वगैरे?"

ज्या बाईसमोर अख्खी शाळा चळचळा कापायची, ती टेबलावरच्या काचेकडं बघत बसली होती. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. एसटीत त्या माझ्यासाठी उभ्या नव्हत्या. माझ्या घरीही खुर्चीच्या कडेवरच टेकल्या होत्या.

डॉक्टरीणबाईंनीही ओळखलं. तिनं फक्त पडदा जरा बाजूला केला आणि म्हणाली, "कॉट मोकळी आहे, बाई."

"मी तीन वेळा ह्या जिन्यापर्यंत येऊन परत गेलेय," विहीणबाई म्हणाल्या. कुणाला उद्देशून, ते त्यांनाच ठाऊक. मग उठल्या. चार पावलं गेल्या आणि मागं वळल्या. "शालनताई, तुम्ही येता का आत? हात धरा माझा."

मी त्यांचा हात धरून उभी राहिले. आमच्यात विहिणीचा मान काय असतो सांगायला नको. लग्नात मी ह्या बाईंना पाटावर बसवून चांदीच्या तांब्यानं पाय धुतले होते. आणि आता त्या डोळे मिटून पडल्या होत्या, आणि माझी बोटं मोडतील इतक्या जोरानं धरली होती. डॉक्टरीण माझ्या वेळी बोलत होती, गंमत करत होती. ह्यांच्या वेळी मात्र दिवा जवळ ओढून पुन्हा पुन्हा बघत राहिली. मग म्हणाली, "एका जागी थोडं कडक लागतंय. भूल देऊन छोटासा तुकडा काढते, तपासायला पाठवू. आजच."

"काढा," विहीणबाई म्हणाल्या. "आता आलेच आहे तर."

परतीच्या एसटीतही आम्ही दोघी उभ्याच. आता मला कारण माहीत होतं एवढंच. तासगाव जवळ आल्यावर त्या म्हणाल्या, "माझे यजमान गेले तेव्हापासूनचं आहे हे. कुणाला दाखवणार? मुलाला सांगायची सोय नाही, सुनेला सांगायची लाज. स्वतःसाठी जिना चढवला नाही हो मला. आज तुमच्यासाठी म्हणून चढले."

रिपोर्ट आला तो चांगला नव्हता. कॅन्सरची सुरुवात होती. पण अगदी सुरुवात. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, छोटं ऑपरेशन करून तेवढा भाग काढू, वेळेवर सापडलंय. वेळेवर हा शब्द मी तोवर हजार वेळा ऐकला असेन, पण तो काय असतो ते त्या दिवशी समजलं. देवाला नमस्कार केला, डॉक्टरीणबाईंना केला, आणि खरं सांगते, माझ्या त्या मेल्या खाजेलाही केला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मिरजेच्या दवाखान्यात त्या कॉटवर बसून म्हणाल्या, "धैर्यशीलला हर्निया सांगितलंय. नंतर थोडे दिवस पडून राहावं लागेल. बाई ठेवीन कुणीतरी."

"बाई कशाला? माझ्याकडं चला."

"सुनेच्या माहेरी? पडून राहायला? लोक काय म्हणतील?"

"लोकांना काय, तीन माणसांना तीन कारणं सांगू."

त्या हसल्या. लग्न झाल्यापासून मी त्यांना असं मोकळं हसताना पहिल्यांदाच बघितलं. मग डोळे पुसत म्हणाल्या, "माझी आई मी चौथीत असताना गेली. धैर्यशीलच्या वेळचं माझं बाळंतपणही सासूनंच केलं. असं कुणी चला म्हटलेलं मला आठवत नाही."

मलमानं माझी खाज हळूहळू हटत गेली. चिरा भरल्या. एके दिवशी भाजी निवडताना माझ्या लक्षात आलं की मी मांडी घालून बसलेय, केव्हा बसले तेसुद्धा कळलं नव्हतं. तेजू आठव्यात माहेरी आली, गळ्यात पडून रडली आणि मग आठवडाभर माझ्याशी भांडली. तेवढा तिचा हक्कच होता. मुलगी झाली. तिला मी पायांवर घेतली, आणि पहिलं कढत पाणी अंगाखालून गेलं तेव्हा मी तांब्या हातातच धरून थांबले. काही झालं नाही. ऊन पाणी होतं, बस्स. पोर पायांवर ठणाणा करत होती आणि मी हसत होते.

ह्याला आता बारा वर्षं झाली. दर सहा महिन्यांनी आम्ही दोघी सांगलीला जातो, तपासून घेतो, आणि एसटीत बसून येतो. हे सगळं सांगायला विहीणबाईंची परवानगी आहे. परवानगी कसली, हुकूमच आहे. "नाव घालून सांगा," म्हणतात, "म्हणजे बायका घरी बसून सोसणार नाहीत."

त्या वर्षी आमच्या माजघरात दोन कॉट होत्या. एकीवर तेजू आणि बाळ, दुसरीवर विहीणबाई, ऑपरेशनमधून अजून पुरत्या न सावरलेल्या. मी दोघींना एकाच पातेल्यातली अळिवाची खीर द्यायची. एका दुपारी शेजारच्या हौसाक्का बाळ बघायला आल्या. बाळ राहिलं बाजूला, त्यांचे डोळे दुसऱ्या कॉटवरच.

"अगंबाई! ह्या तुमच्या विहीणबाई ना? मुलाकडच्या बाईनं असं सुनेच्या माहेरी येऊन झोपायचं? असं कुठं असतं का?"

माझ्या ओठांवर हर्निया आला होता. पण विहीणबाई उशीला टेकून नीट बसल्या, शाळेतल्यासारख्या.

"सुनेच्या माहेरी कुठं?" त्या म्हणाल्या. "मी माझ्या माहेरी आलेय."

हौसाक्का बाळाकडं वळल्या. आणि तोवर मला कायम शालनताई म्हणणाऱ्या विहीणबाई माझ्याकडं वळून म्हणाल्या, "शालन, मला पण दे गं अजून थोडी."

मी वाटी घ्यायला आत गेले, आणि डोळे पुसून मगच बाहेर आले.